तीन बोटांचा गंज

वर्षाराणीनं हातमोज्यांची नवी जोडी पुढं केली, तेव्हा शालूबाईंनी ती तिच्या हातातून घेतली नाही. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, ती पार गुडघ्यांपर्यंत खाली नेली आणि मान वाकडी करून म्हणाल्या, "वरनं सोडा म्याडम. उगंच आमचा हात लागायचा." फोर्कलिफ्टवर बसलेले हंबीरराव खो-खो हसले, खोक्यांना पट्ट्या मारणाऱ्या दोघी हसल्या, शालूबाई स्वतःही हसल्या, आणि वर्षाराणीनं हातमोजे खरोखरच वरून सोडले. तिची बोटं आधी उघडली. ती उघडली हे तिला नंतर कळलं. एक मोजा ओंजळीत पडला, दुसरा शालूबाईंच्या मनगटाला लागून खाली घसरला. त्यांनी तो उचलला, फुंकर मारून झटकला आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. एवढंच झालं. गोदामात कुणाला काही झाल्यासारखंही वाटलं नसेल. पण वर्षाराणी तशीच उभी राहिली, आपल्या उघड्या पंजाकडे बघत, आणि तिला आधी राग आला तो शालूबाईंचा. ही काय थट्टा झाली? आठवडाभर घसा कोरडा करून सांगतेय की यात कुणाचा अपमान नाही, हे रसायनशास्त्र आहे. तर या ओंजळ धरतात! मग राग आला हंबीररावांचा, ते कशालाही हसतात म्हणून. मग पावसाचा, जो संपता संपत नव्हता आणि गोदामाची हवा ओल्या फडक्यासारखी करून ठेवत होता. स्वतःचा राग यायला जरा वेळ लागला, आणि तो आला तेव्हा कशाबद्दल आला ते तिला नीट सांगता आलं नसतं.

शिरोलीच्या त्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे पंपाचे भाग होत. भट्टीतून निघालेला ओबडधोबड तुकडा मशीनवर कातला की त्याची एक बाजू अशी निघे की तिच्यात आपलं तोंड दिसावं. त्या बाजूला सगळे फेस म्हणत. हा फेस जपायचा, हेच वर्षाराणीचं काम. विद्यापीठात एम.एस्सी.ला असताना तिला कुणी सांगितलं असतं की तुझी नोकरी म्हणजे लोखंडाचं तोंड सांभाळणं, तर ती हसली असती. आता ती त्यात पुरती गुंतली होती. भाग धुऊन, वाळवून गोदामात येत, लाकडी पॅलेटवर ओळीनं बसत, त्यांची पाळी आली की तेलात बुचकळले जात, निळ्या गंजरोधक पिशवीत जात, खोक्यात जात, मग जहाजानं महिना-दीड महिना कुठं कुठं जात. आणि तिकडं परदेशात कुणीतरी पिशवी फाडी, तेव्हा त्या चकचकीत तोंडावर तांबूस डाग दिसे. एक नव्हे, तीन. शेजारी शेजारी, मधला थोडा वर. ग्राहकानं पाठवलेला फोटो इतका स्वच्छ होता की डागांमधल्या रेषा दिसत होत्या. बोटांच्या रेषा. कुणीतरी उघड्या हाताची तीन बोटं तिथं टेकवली होती, घामातलं मीठ तिथं राहिलं होतं, त्यावर तेल चढलं होतं. लोकांना वाटतं तेल सगळं वाचवतं. तेल फक्त झाकतं. खाली मीठ असतंच, ओल सापडली की ते आपलं काम सुरू करतं. तो फोटो पहिल्यांदा बघताना तिला वाईट वाटण्याआधी आनंद झाला होता, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. इतका सुबक पुरावा!

तेव्हापासून हातमोजे सक्तीचे झाले. तरी डाग यायचे थांबेनात. आता तर ग्राहकापर्यंतही जावं लागत नव्हतं. आदल्या दिवशी तेलाविना राहिलेल्या भागांवर सकाळी तिलाच ते दिसत. तीच तीन बोटं. "मोजे कोण काढतं?" तिनं विचारलं. कुणी काढत नव्हतं. "आईशप्पत न्हाय काढत म्याडम." "तुमी बघताय न्हवं का दिवसभर?" आणि ती खरंच बघत होती. भाग उचलताना मोजा, ठेवताना मोजा, पिशवी बांधताना मोजा. मग तिला वाटलं, सुती मोजा घामानं भिजत असेल आणि एखाद्याचा घाम त्यातून झिरपत असेल. काहींचा घाम इतरांपेक्षा जास्त खारट, जास्त आंबट असतो, हे तिनं वाचलं होतं. कुणाचा, हे शोधायला साधा प्रयोग होता. लोखंडाच्या पट्ट्या घासून आरशासारख्या करायच्या, प्रत्येकानं एकीवर अंगठा दाबायचा, पट्ट्या ओलसर डब्यात ठेवायच्या, सकाळी बघायचं. पॅकिंगची सगळी माणसं मतदानाला उभी राहावीत तशी रांगेत उभी राहिली. "शाई कुठाय वो?" "कमळ की घड्याळ, ते तरी सांगा." ती हसली होती. तिला बरं वाटलं होतं, की लोक प्रयोगात रस घेतायत.

सकाळी डबा उघडला तेव्हा बाकीच्या पट्ट्यांवर पुसट सावल्या होत्या आणि एकीवर अख्खा अंगठा उगवला होता. तांबडा, भोवऱ्यासकट, कडेच्या जुन्या कापलेल्या खुणेसकट. "बघा, किती सुरेख उमटलाय!" ती म्हणाली. हे ती म्हणाली. नंतर तिनं कितीदा तरी हे वाक्य आठवून दात आवळले. शालूबाई वाकून बघत राहिल्या. "माझा व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांनी पट्टीवरचा अंगठा बघितला, मग हातावरचा. "म्हंजे माझाच हात बाटका म्हणा की." सगळे हसले, आणि वर्षाराणीनं घाईघाईनं समजावायला सुरुवात केली. असं काही नसतं. घामात मीठ असतं, आम्ल असतं, कुणात कमी, कुणात जास्त. औषधानं होतं, खाण्यानं होतं, वयानं होतं. यात तुमची काही चूक नाही शालूबाई, हे जन्मजात असतं. बोलता बोलता तिनं आपलाच शब्द ऐकला. जन्मजात. ती थांबली, तर सगळ्यांना वाटलं सांगून झालं, आणि ते कामाला गेले.

विजयसिंह सर, म्हणजे कारखान्याचे मॅनेजर, यांना मात्र प्रयोग फार आवडला. त्यांनी पट्टी उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली. "सापडला की चोर," ते म्हणाले. "चोर नाही सर." "तेच ते हो. बाईला पॅकिंगमधनं काढा, यार्डात घाला. ग्राहकाला कळवून टाकू, कारण सापडलं, उपाय केला." यार्ड म्हणजे कारखान्यामागची उघडी जागा, जिथं भट्टीतून आलेला कच्चा माल पडे. तिथं ठेकेदाराची माणसं दिवसभर लोखंड या ढिगावरून त्या ढिगावर टाकत. तिथल्या मालाला गंज चढला काय, नाही चढला काय, तो पुढं कातूनच निघायचा. शालूबाई तरुणपणी तिथंच होत्या. कंबर गेली तेव्हा कुणाकुणाच्या हातापाया पडून त्या आत आल्या होत्या, छपराखाली, बसून करायच्या कामावर. आता परत यार्डात म्हणजे, त्या स्वतःच म्हणाल्या होत्या, घरीच बसा म्हणायचं ते जरा लांबनं सांगितलं. सरांनी मुदत दिली होती आजची. दुपारी ते गोदामात येणार होते, आणि वर्षाराणीनं फक्त एवढंच सांगायचं होतं की होय, डाग शालूबाईंच्या हाताचे आहेत. आणि शालूबाईंनी सोमवारपासून मालाला हात लावणंच सोडलं होतं. पिशव्या उघडून ठेवायच्या, गोदाम झाडायचं, पट्ट्या कापायच्या, आणि कुणी भाग घेऊन जवळून गेलं की दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. तेही असं, की बघणाऱ्याला दिसावं. डाग तरीही येत होते. प्रयोग बरोबर होता, निष्कर्ष बरोबर होता, आणि लोखंड ऐकत नव्हतं.

ती तेलाच्या टाकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसली. समोर भिंतीवर तिनंच लिहून लावलेली सूचना होती, मोठ्या अक्षरांत: माल हातातून हातात देऊ नये, टेबलावर ठेवावा, दुसऱ्यानं तो तिथून उचलावा. हा तिचा इथला पहिला विजय. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं होतं, की भाग पडून पोचे येतात ते बहुतेक देता-घेताना. देणाऱ्याला वाटतं घेणाऱ्यानं धरलं, घेणाऱ्याला वाटतं देणाऱ्यानं अजून सोडलेलं नाही, आणि त्या मधल्या क्षणात वस्तू कुणाचीच नसते. पोचे निम्म्यानं कमी झाले होते. सरांनी बैठकीत सांगितलं होतं, बघा, शिकलेलं माणूस काय करतं. आज तीच सूचना तिनं वाचली आणि तिच्या मानेवर सरसरून काटा आला, कारण ती तिला आक्काच्या आवाजात ऐकू आली.

आक्का म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण, मलकापूरला दिलेली. लहानपणी सुट्टीत तिकडं गेलं, की आक्का चहाचा कप हातात देत नसे. जमिनीवर ठेवी, दोन बोटांनी पुढं ढकली आणि हात मागं घेई. मगच आपण उचलायचा. भाकरीचं ताट तसंच, कंगवा तसाच, जत्रेत घेतलेली कापडाची बाहुलीसुद्धा तशीच. उलट आपण काही द्यायला गेलो, तर ती म्हणे, "ठेव तितं." वर्षाराणीला वाटायचं मोठी माणसं अशीच देतात. कोडोलीच्या शाळेत एकदा तिनं बाईंना वही टेबलावर ठेवून ढकलली, तर बाई म्हणाल्या, हातात दे की गं, मी काय वाघ आहे? घरी येऊन तिनं वडिलांना विचारलं. वडील विज्ञानाचे शिक्षक. कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणारे. ते शेंगा फोडत फोडत म्हणाले, "तिचं आख्खं बालपण तसं घेण्यात गेलं. दुकानदार पायरीवर ठेवायचा. विहिरीवरची बाई वरनं ओतायची. दीक्षा घेतली छप्पन साली आपल्या घरानं, तुझ्या आज्यानं देव्हारा नदीत सोडला. डोक्यातनं गेलं सगळं. आक्काच्या हातातनं न्हाय गेलं." मग त्यांनी शेंगदाण्यांनी भरलेली मूठ तिच्या हातात, मुद्दाम दाबून, दिली होती.

आणि तिनं, एम.एस्सी. झालेल्या मुलीनं, आक्काचा तो हात पाटीवर रंगवून गोदामात टांगला होता. आता याला काय म्हणायचं! चुकलं तर काहीच नव्हतं. भाग पडत नव्हते. ज्यांच्या घरात अशी कुणी आक्का नसेल तेसुद्धा जगभर हीच पद्धत वापरत असतील. पोच्याला कोण कुठला ते कळत नाही. मिठालाही कळत नाही. मग कळतं ते कुणाला? तिला स्वतःचीच चीड आली. सगळ्या गोष्टींना अर्थ चिकटवत बसायचं, हा कुठला नवा रोग? शालूबाईंना बिचाऱ्यांना आक्का माहीत नव्हती, विहीर माहीत नव्हती. त्या शिरोळकडच्या, उसाच्या पट्ट्यातल्या, त्यांच्या घरी ओतणारेच असतील, ओंजळ धरणारे नव्हेत. त्यांनी थट्टा केली. कुठंतरी बघितलेली नक्कल केली. बघितलेली, पण कुठं? आणि ती ओंजळ कुणापुढं धरली होती हे त्यांना माहीत असेल का? असेलच. इथं आडनाव विचारल्याखेरीज कुणी चहा पाजत नाही. म्हणजे थट्टा दुहेरी होती की काय? की तिहेरी? वर्षाराणीनं कपाळ चोळलं. टाकीतल्या तेलाचा वास डोक्यात चढत होता. तिला वाटलं, आत्ता कुणी तिच्या अंगठ्याखाली पट्टी धरली, तर भसकन भोक पडेल.

तेवढ्यात हंबीरराव फोर्कलिफ्टवरून उतरले. त्यांना पलीकडच्या खोक्यावरची चिठ्ठी वाचायची होती. पॅलेटच्या दोन रांगांमधून जाताना त्यांच्या बुटाचं टोक एका भागाला लागलं. लागलं म्हणजे नुसतं निसटतं. आवाजसुद्धा झाला नाही. हंबीरराव थांबले. उजव्या हातातला मोजा दातांत धरून ओढला, वाकले, त्या चकचकीत फेसला तीन बोटं टेकवली, ती छातीला लावली, मोजा परत चढवला आणि चिठ्ठी वाचायला गेले. हे सगळं शिंक यावी तसं झालं. वर्षाराणी बघत होती. म्हणजे ती हे गेले कित्येक महिने बघत असणार, रोज, दिवसातून कितीदा तरी. तिच्या नजरेनं ते कधी नोंदवलंच नव्हतं.

"हंबीरराव!" ती इतक्या जोरात ओरडली की पट्टीवाल्या दोघी दचकल्या. "मोजा का काढला?"

"कवा?"

"आत्ता! आत्ता काढला!"

हंबीररावांनी हाताकडं बघितलं. मोजा तर हातात होता. "न्हाय वो काढला."

"त्या भागाला हात लावलात."

"त्ये व्हय," त्यांना हायसं वाटलं. "पाय लागला न्हवं का म्याडम. पाया पडलो."

"मग मोजा काढून कशाला?"

आता हंबीरराव तिच्याकडं अशा नजरेनं बघू लागले, की शिकलेल्या पोरीला एवढंही कळू नये. "मोजा घालून कुणी पाया पडतं व्हय?"

ती स्टुलावर बसली. तीन बोटं, मधलं थोडं वर. नेहमी बाहेरच्या ओळीत, जिथून माणसं जातात. नेहमी खालच्या पॅलेटवर, पायाच्या उंचीला. सगळं समोर होतं. तिनं घाम शोधला, कापूस शोधला, आम्ल शोधलं; मीठ तिथं नमस्कारानं पोचत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. कारण तिच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर वडील म्हणत, "पुसून ठेव. पाया पडून काय धूळ जाणाराय?" लोखंड ते लोखंड, कागद तो कागद. तिच्या अंगात ती हालचालच नव्हती. आणि आपल्या अंगात जे नाही ते दुसऱ्याच्या अंगात दिसत नाही की काय? तिला हसू येत होतं आणि चिडून रडूही येत होतं. ज्या वस्तूला जपायचं, तिलाच ही माणसं आदरानं नासवत होती. धक्क्यानं नाही, निष्काळजीपणानं नाही; पाय लागला तर तिची क्षमा मागून.

पण अंगठ्याच्या प्रयोगात हंबीररावांची पट्टी पुसट आली होती. त्यांच्या तीन बोटांनी इतका गंज चढला नसता. ती उठून शालूबाईंकडं गेली. त्या बसून पिशव्या उलगडत होत्या, झाडू शेजारी आडवा. "शालूबाई, गोदाम झाडताना मालाला पाय लागतो का हो तुमचा?"

"लागणार की. जागा कुठं ठेवलीया तुमी? आडवं जावं लागतंय."

"मग काय करता?"

"काय करणार? पाया पडती."

"हात लावून?"

"मग काय लांबनं टाटा करू?"

"पण तुम्ही सोमवारपासून मालाला हात लावत नाही ना?"

शालूबाईंचा चेहरा ताठ झाला. "न्हायच लावत. उचलत न्हाय, ठेवत न्हाय. तुमचं ऐकलं मी. आता पाया पडायला बी बंदी हाय व्हय? लक्षुमी हाय ती. तिला लाथ लागल्यावर तशीच जाऊ फुडं?" आणि मग हळू आवाजात, "पोटाला घालतंय त्ये लोखंड, म्याडम."

म्हणजे डाग शालूबाईंचेच होते. हे तर सगळ्यात वाईट झालं. प्रयोगही बरोबर, सरही बरोबर. आणि जितक्या त्या मालापासून लांब राहायला लागल्या, झाडू घेऊन रांगांतून फिरायला लागल्या, तितका त्यांचा पाय जास्त लागत गेला, तितक्या त्या जास्त वाकत गेल्या. वर्षाराणीला वाटलं, आता दुपारी काय सांगायचं? खोटं ती बोलणार नव्हती. तेवढं एकच तिला बोलता येत नसे. आणि खरं सांगितलं, तर शालूबाई यार्डात.

विजयसिंह सर दुपारी आले ते घाईतच. "हं मॅडम, काय ठरलं? बाईच ना?"

"सर, कारण सापडलं. माल खाली आहे, पायाच्या उंचीवर. येता-जाता पाय लागतो, आणि पाय लागला की लोक मोजा काढून पाया पडतात. माल वर घ्या. लोखंडी घोडे करून कमरेच्या उंचीला पॅलेट ठेवा. पाय लागणार नाही, प्रश्नच मिटला."

सर हसत सुटले. "पाया पडतात? लई भारी! अहो, मग बोर्ड लावू. येथे पाया पडू नये."

"बोर्डनं नाही जाणार सर. त्यांना कळतच नाही ते करतायत ते."

"बरं. पण डाग बाईचेच ना? शेवटी हात कुणाचा?"

"हो," ती म्हणाली. शालूबाई ऐकत होत्या. "बरेचसे त्यांचे."

"आणि बाई यार्डात गेली तर डाग जातील का?"

"बरेचसे जातील."

"झालं तर मग! घोड्यांचा खर्च कशाला?"

हे असं होतं. तिनं प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं, आणि उत्तरांची बेरीज भलतीच होत होती. परीक्षेत असा पेपर आला असता तर तिनं तो टराटरा फाडला असता. "सर, घाम सगळ्यांना येतो," ती म्हणाली, आणि आवाज चढतोय हे तिला कळत होतं. "आज त्यांचा उमटतो, उद्या कुणाला औषध सुरू होईल, त्याचा उमटेल. हाताला गंज नसतो सर, लोखंडाला असतो. तुम्ही किती हात बाहेर काढणार?"

"हे बघा, वर्षाराणी मॅडम," सर तिच्या बाजूला यायला पॅलेटच्या रांगांतून वळले, "मला तुमचं सगळं पटतं. पण ग्राहकाला असं लिहिता येत नाही, की आमची माणसं मालाच्या पाया पडतात. त्याला नाव लागतं. त्या बाईला उद्यापासनं यार्डात—" आणि त्यांच्या बुटाची टाच एका भागाला घासली. सर बोलत राहिले, "—घाला, ठेकेदाराशी मी बोलतो," आणि बोलता बोलताच वाकले, तीन बोटं फेसला लावली, छातीला लावली, सरळ झाले. "काय म्हणत होतो मी?"

गोदामातल्या सगळ्यांनी ते बघितलं. मग हंबीरराव फोर्कलिफ्टवरून, अगदी काळजीच्या सुरात म्हणाले, "सर, तुमी बी यार्डात व्हय?"

पट्टीवाल्या दोघींनी पदर तोंडात कोंबले. सरांनी आपल्या हाताकडं बघितलं, भागाकडं बघितलं. त्या चकचकीत तोंडावर तीन ओलसर ठिपके होते आणि हवेच्या ओलीमुळं ते काही सुकत नव्हते. सरांचे कान लाल झाले. "गप रे हंबीर," ते म्हणाले, आणि मग त्यांनाही हसू आवरेना. जाताना त्यांनी वर्षाराणीला सांगितलं, घोडे करून घ्या, आपल्याच वर्कशॉपमधला भंगार अँगल वापरा, आणि बाई राहू दे हितंच. ती हो म्हणाली. तिला आनंद झाला असता, पण चीडच जास्त आली. तिचं मीठ, तिच्या पट्ट्या, तिचं सगळं शास्त्र हरलं होतं आणि हंबीररावांचा एक टोमणा जिंकला होता.

घोडे झाले. माल कमरेएवढा वर गेला. आता पायाला लागायला खाली नुसती फरशी होती. डाग आले नाहीत. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिनं रोज सकाळी बॅटरी मारून बघितलं तरी नाहीत. शालूबाई परत पॅकिंगला बसल्या, दुहेरी मोजे घालून. सगळं कसं जमल्यासारखं झालं. वर्षाराणीनं तरीही दोनदा तो भाग काढून पाहिला ज्यावर सरांची बोटं लागली होती. तिथं काहीच उगवलं नव्हतं. सरांचा हात अगदी निर्मळ होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी पाळी सुटताना शालूबाई तिच्या टेबलाशी आल्या. डबा पिशवीत घातलेला, मोजे काढून दोरीवर वाळत टाकलेले. काही बोलायचं असावं तशा उभ्या राहिल्या, आणि बोलायच्या ऐवजी एकदम वाकल्या, तिच्या पायांकडं.

"हात लावू नका!"

ती केवढ्यानं ओरडली ते तिला कळलं, जेव्हा फोर्कलिफ्ट बंद झाली. दारात पोचलेल्या दोघी वळून बघत होत्या. ती स्टुलामागं सरकलेली होती, स्टूल आडवं पडलेलं होतं, आणि तिचे दोन्ही हात पुढं आले होते, कुणाला ढकलावं तसे. शालूबाई अर्ध्या वाकलेल्या, हात हवेत. हंबीररावसुद्धा हसले नाहीत.

"आजून बी व्हय?" शालूबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांनी आपली बोटं पदराला पुसली, एकदा, दोनदा, नीट. "मघाच साबण लावलाय म्याडम."

वर्षाराणीला सांगायचं होतं की तसं नाही. की तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. की आमच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही. की ज्यांनी पायरीखालीच थांबायचं असतं, त्यांच्या घरातले हे पाय, त्यांना तुमचा हात कसा सोसायचा ते मला कुणी शिकवलेलं नाही. यातलं एकही वाक्य गोदामात बोलण्यासारखं नव्हतं. "तुमचा हात नाही हो," ती म्हणाली. "माझा पाय..."

"पायाला काय झालंय?" शालूबाईंनी पडलेल्या स्टुलाकडं बघितलं. "ह्ये पडलं व्हय पायावर? आगं आई! आणि बोलायचं न्हाय व्हय मगाधरनं?"

त्या फरशीवर बसल्या. कंबर धरत बसल्या, पण बसल्या, आणि दोन्ही उघड्या हातांनी तिचा बूट धरून मांडीवर घेतला. अंगठ्यानं दाबत दाबत त्या टोकापासून वर येऊ लागल्या.

"हितं? हितं लागलंय? का हितं?"

वर्षाराणीनं टेबलाची कड घट्ट धरली. पाय तिनं ओढून घेतला नाही.